बस्त्याव, तुझी रविवारची कॅसेट

बस्त्याव, शुक्रवारचीच चांगली होती. तू आता उलट बोलू शकत नाहीस म्हणून संधी साधून हे म्हणतोय असं समजू नकोस. तू त्या खाटेवर उठून बसलेला असतास तरी मी हेच म्हणालो असतो, आणि तू उशी फेकून मारली असतीस. तुला चर्चच्या दफनभूमीत ठेवून आलो त्याला महिना होऊन गेला. नाताळ तोंडावर आलाय, भुईगावात पोरं घरावर कागदी तारे टांगतायत, आणि मी इथे बसून एका मेलेल्या माणसाशी कॅसेटवरून भांडतोय. बायको म्हणाली, लिहून तरी काढा, नाहीतर वेड लागेल. म्हणून लिहितोय.

वाचणाऱ्याला कळायला हवं म्हणून सांगतो, तू ऐकून घे. आपल्याकडे दोन कॅसेट होत्या. दोन्हींवर एकाच बँडचा कार्यक्रम, एकाच हॉलमधला, एकाच आठवड्यातला. एक शुक्रवारचा, एक रविवारचा. आणि दोन्ही दिवशी त्यांनी तीच एक धून वाजवली होती. कॅसेटची एक अख्खी बाजू संपेपर्यंत न थांबणारी. गिटार, ऑर्गन आणि दोन ड्रमवाले. कुठून सुरू करायचं ते ठरलेलं, कुठे पोचायचं ते त्यांनाही ठाऊक नसायचं. अमेरिकेत ह्याला सायकेडेलिक म्हणतात हे तुझ्या मामानं सांगितलं. माझ्या वडिलांनी एकदा दारातून ऐकलं आणि म्हणाले, “भजनात टाळकरी चुकला की असंच होतं.” त्या बँडचं नाव आपण कधी घेतलंच नाही. आपण म्हणायचो ‘ते लोक’. “काल ऐकलं ना, ते लोक काय सुटलेत!” जसं काही ते लोक आदल्या दिवशी पापडीच्या बाजारात वाजवून गेले होते.

त्या लोकांची एक रीत फार छान होती. ऐकायला येणाऱ्यांना ते आपापला टेपरेकॉर्डर आणू द्यायचे. जो तो आपल्या जागेवरून उतरवून घ्यायचा आणि मग एकमेकांत अदलाबदल. विकायचं नाही, एवढाच नियम. तुझा लुईसमामा आगबोटीवर स्वयंपाकी होता, त्याला कुठल्याशा बंदरात असा एक वेडा भेटला आणि त्यानं मामाला ह्या दोन दिल्या. मामा सुट्टीवर आला की आपल्याला ऐकवायचा, पण कॅसेटला बोट लावू द्यायचा नाही. परत जायच्या आदल्या दिवशी कुठे त्याला पाझर फुटला. म्हणाला, “उतरवून घ्या, पण माझ्या समोर.”

तो दिवस तुझ्या घरच्या पडवीतला. मामाचं ते भलंमोठं मशीन घरच्या विजेवर, शेजारी घरघरणारा ट्रान्सफॉर्मर. माझा छोटा रेकॉर्डर नव्या कोऱ्या सेलवर. मध्ये एक वायर. शुक्रवारची सकाळी उतरवून झाली. मग तुझ्या आईनं जेवायला बसवलं, बोंबलाचं कालवण होतं, तू तीनदा भात घेतलास. रविवारची लावली तोवर वाड्यांतले पंप सुरू झाले होते. बल्ब मलूल झाला, पंखा हातानं ढकलल्यासारखा फिरायला लागला. भुईगावात ते रोजचंच. केळीला पाणी सुटलं की माणसाचा पंखा बसायचा, कुणी वर बघायचंसुद्धा नाही. आपणही बघितलं नाही.

आणि तिथून आपलं भांडण सुरू झालं. शुक्रवारी ते लोक ताजेतवाने, उड्या मारत वाजवतात. मधे दोन्ही ड्रमवाले एकमेकांच्या अंगावर जातात, आता मोडणार असं वाटतं, आणि मग ऑर्गनवाला हळूच मधे येऊन दोघांना घरी आणतो. मला त्या जागेला अजून काटा येतो. पण तू रविवारच्या बाजूचा. रविवारची धून जड, खोल, संथ. गिटारचा एकेक सूर विहिरीतून काढल्यासारखा यायचा. तू म्हणायचास, “हऱ्या, शुक्रवारी ते लोक वाजवतायत. रविवारी ते लोक मयताच्या घरून आलेत. त्यांच्यातलं कोणीतरी गेलंय. ऐक ना नीट.” मी म्हणायचो, तुला कुणी तार केली काय तिकडून? तू म्हणायचास, ह्याला तार लागत नाही.

तुझ्याकडे पुरावेही होते. तू लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचास, सुराचा कान तुझा माझ्याहून पक्का. शुक्रवारच्या धुनीबरोबर तुझं क्लॅरिनेट जुळायचं, रविवारच्या बरोबर जुळायचं नाही, सूर खालीच राहायचा. तुझं म्हणणं, त्या दिवशी त्यांनी तारा मुद्दाम सैल केल्या. दुःखात माणूस चढ्या सुरात बोलत नाही. आणि दुसरा पुरावा म्हणजे तो माणूस. दोन्ही कॅसेटवर माइकजवळ एक माणूस मधेच काहीतरी बोलतो आणि हसतो. शुक्रवारी पोरासारखा आवाज. रविवारी घोगरा, जडशीळ. “त्याचा पण घसा बसलाय,” तू म्हणायचास, “रडलाय तो.” मी शाळेत सायन्स शिकवतो, बस्त्याव. मला तेव्हाच समजायला हवं होतं. पण तू इतकं मनापासून सांगायचास की माझंही शास्त्र बाजूला पडायचं. मी एवढंच म्हणायचो की दुःख झालं म्हणून वाजवणं चांगलं होत नाही. ह्या एका वाक्यावरून तू माझ्याशी एक अख्खा उपवासकाळ बोलला नव्हतास. ईस्टरला सकाळी डब्यात मैद्याचे तळलेले फुगे घेऊन दारात उभा राहिलास आणि म्हणालास, “येशू उठला, म्हणून आलोय. तुझं म्हणणं चूकच आहे.”

आणि गास गावातल्या एका लग्नात नवरी घरातून निघाली, आणि तू मधेच रविवारची धून घुसवलीस, तशीच, संथ. नवरीची आई मोठ्यानं रडायला लागली. तुमचा बँडमास्तर ओरडला, “ए बस्त्याव, लगीन हाय का मयत?” त्यानंतर तुला दोन लग्नं बोलावलं नाही. तुला त्याचं काही नव्हतं. तू मला येऊन म्हणालास, “बघ, बाई रडली. शुक्रवारच्यानं रडली असती?”

हे सगळं मला आता कुणाला सांगता येत नाही. लोक म्हणतात, मित्र गेला, वाईट झालं. अरे, मित्र गेला हे खरंच, पण माझं भांडण गेलं त्याचं काय? भांडायला माणूस लागतो. शाळेतल्या मास्तरांना मी कुणाचे ड्रम सांगू?

मग तुझे पाय सुजायला लागले. आधी वालीवच्या कारखान्यात कामावर घालायचास ते बूट होईनात, मग चपला. तू म्हणालास उन्हाळा आहे. मग तोंडावर सूज आली आणि मुंबईच्या डॉक्टरनं मूत्रपिंडाचं नाव घेतलं. रक्त धुवायच्या मशीनवर आडवा पडून तू मला म्हणाला होतास, “हे मशीन पण रविवारच्यासारखं स्लो आहे, हऱ्या.” मी हसलो होतो. तुझी आई मात्र डॉक्टरला म्हणाली, “माजं काढा नि त्याला लावा. मला दोन कशाला पायजे?” तपासण्या झाल्या. आणि एका दुपारी डॉक्टरनं तुझा धाकटा भाऊ पास्कू आणि मी, आम्हा दोघांना जिन्याजवळ बाजूला घेतलं. आईचं जुळत नाही. पास्कूचं पण नाही. मशीनवरही आता तब्येत झेपत नाही. घरी न्या, हवं ते खाऊ घाला.

पास्कूनं माझं मनगट इतकं दाबलं की वळ उठले. म्हणाला, “आयला नाय बोलायचं. बस्त्यावला पन नाय. आय मरून जाईल.” मी मान हलवली. त्या घटकेपासून आपल्या सगळ्यांचा एक खेळ सुरू झाला. रिपोर्ट यायचाय. डॉक्टर परदेशी गेलाय. ऑपरेशन नाताळनंतर. फादरना ठाऊक, शेजाऱ्यांना ठाऊक, तुमच्या परसातल्या कोंबड्यांना ठाऊक. तुम्हा मायलेकांना तेवढं ठाऊक नाही असं आम्ही धरून चाललो होतो. तुझ्याकडे कुणीही आलं की दारात चप्पल काढायच्या आधी तोंडावर हसू चढवायचं. मीही चढवायचो. मला ते जमायचं नाही, गाल दुखायचे.

लुईसमामा आगबोटीवरून कायमचा घरी आला तो ह्याच दिवसांत. तुला बघून गेला आणि वाटेत मला गाठून पिशवीतून ती मूळ रविवारची कॅसेट काढून दिली. ज्या कॅसेटला बोट लावू दिलं नव्हतं, ती. म्हणाला, “मला आता कशाला? त्याला ऐकव. खरी ऐकू दे एकदा.” कॅसेट जुनी झालेली, म्हणून तुझ्याकडे आणायच्या आधी मी घरी साफ करून लावून बघितली.

बस्त्याव, मला आधी वाटलं चुकून शुक्रवारची आली. मग वाटलं माझं मशीन पळतंय. आपली शुक्रवारची लावून बघितली, ती बरोबर. परत ही लावली. ते लोक भरभर वाजवत होते. तारा सैलबैल काही नव्हत्या. ड्रमवाले जरा दमलेले, ऑर्गनवाला दोनदा चुकतो, शेवटी कसंतरी गुंडाळतात. आणि तो माइकजवळचा माणूस, तुझा रडलेला माणूस, शुक्रवारचंच ते पोर होतं, खिदळत होतं. मग मला तुमची पडवी आठवली आणि तो मलूल बल्ब. मामाचं मशीन त्या दुपारी कमी विजेवर रेंगाळत चाललं होतं, माझं सेलवर नीट चालत होतं. रेंगाळलेलं तेवढं आपल्या कॅसेटवर कायमचं बसलं. कुणी गेलं नव्हतं. कुणी मयताहून आलं नव्हतं. भुईगावात केळीला पाणी सुटलं होतं, बस.

मी ती कॅसेट तुझ्यापासून लपवायचं ठरवलं. इतकं सगळं लपवतोय, त्यात अजून एक.

पण मामा बोलून बसला होता. मी आलो तर तू भिंतीला टेकून वाटच बघत होतास. बाहेर ओट्यावर मावशी, तुझी आई, चिंच फोडत होत्या, त्यांच्या दगडाचा आवाज येत होता. तू विचारलंस, “मामानं रविवारची दिली ना? ऐकलीस?”

“ऐकली.”

“कशी आहे?”

“तशीच आहे. चांगली आहे.”

तू माझ्याकडे बघत राहिलास. सुजलेल्या डोळ्यांच्या फटीतून. मग म्हणालास, “रविवारची चांगली आहे, असं तू बोललास? आयुष्यात पहिल्यांदा?” माझा हात पिशवीवर गेला, कॅसेट तिच्यातच होती. तू म्हणालास, “हऱ्या, इथे जो येतो तो माझ्याशी गोड बोलतो. पास्कू गोड बोलतो. तो मला कधी बोलायचा का गोड? आता तू पण? तू तरी शिव्या दे ना यार. लाव ती कॅसेट.”

मी लावली. तुझ्या कानाला दुसरा आवाज यायच्या आत कळलं. तू आधी डोळे मिटलेस, मग उघडलेस. उशाशी क्लॅरिनेट होतं, फुंकायची ताकद नव्हती, नुसती बोटं ठेवून तू तोंडानं सूर धरून बघितलास, आणि तो जुळला. तो माणूस खिदळला तेव्हा तुझं तोंड असं झालं की मी मशीन बंद करायला हात पुढे केला. तू माझा हात धरलास. धून पुढे गेली, ऑर्गनवाला चुकला, आणि तू एकदम म्हणालास, “पंप!” आणि हसायला लागलास. “पंप, हऱ्या! जेवणानंतर उतरवली आपण ती. आयला, सगळ्या गावाचे पंप!” हसता हसता तुला खोकला लागला, मी पाठ चोळत राहिलो, पाठीत नुसती हाडं. मावशींनी बाहेरून विचारलं, “काय झालं रं?” तू म्हणालास, “काय नाय आय, हऱ्या हरला.”

मग खोकला थांबला. तू म्हणालास, “म्हणजे आपली ती रविवारची अमेरिकेत झालीच नाही. ती इथे झाली. त्या लोकांबरोबर भुईगावचे पंप वाजले. तशी कॅसेट जगात दुसरी नसेल. आता बोल, कुठली चांगली?” मी म्हणालो, हा पळपुटेपणा आहे, वाजवणाऱ्यांनी जे वाजवलं नाही त्याचं श्रेय त्यांना देता येत नाही. तू म्हणालास, मी त्यांना देतच नाहीये. मी पुढे काही म्हणणार, तेवढ्यात तू आवाज खाली आणलास.

“बरं, ही गोष्ट तर बाहेर आली. आता ती दुसरी सांग. रिपोर्ट.”

मला तेव्हा कळलं की मला कसं आणि कशासाठी पकडलंय. मला तुझा राग आला, बस्त्याव. खरंच आला. मला सांगायचं नव्हतं. पास्कूला मी शब्द दिला होता, आणि कुठल्या माणसाला आवडतं असं काही आपल्या तोंडून बाहेर काढायला? पण तू कॅसेटवरून माझी जीभ सोडवली होतीस, ती मला परत बांधता येईना. मी म्हणालो, “जुळत नाही. आईचं नाही, पास्कूचं पण नाही.”

“मशीन?”

“तेही झेपत नाही म्हणाले.”

“नाताळ?”

“कठीण आहे.”

तू क्लॅरिनेटच्या कळांवरून बोट फिरवलंस. मग म्हणालास, “टेप बंद कर. सेल फुकट जातायत.” मी बंद केला. तू भिंतीकडे तोंड केलंस आणि तुझी पाठ हलायला लागली. मी तिथेच बसून होतो. मला तुझ्या पाठीवर हात ठेवायला सुचलं नाही, हे मला रोज आठवतं. बाहेरून मावशींचा आवाज आला, “सरलं का रं तुमचं गानं?” आणि तू, भिंतीकडे तोंड असतानाच, अगदी रोजच्या आवाजात म्हणालास, “हां आय, सरलं.” तो आवाज कुठून आणलास तू?

मग वळून म्हणालास, “आयला कळता कामा नये, मला ठाऊक आहे ते. तिला वाटू दे माझं ऑपरेशन होणार. तुला शपथ आहे.” आता मी दोन बाजूंनी बांधला गेलो होतो. पास्कूला सांगितलं होतं तुला कळू देणार नाही, तुला सांगितलं आईला कळू देणार नाही.

त्या शनिवारी संध्याकाळी तू मला स्कूटर काढायला लावलीस. मावशींना सांगितलंस, बँडवाल्यांना भेटून येतो. गेलो आपण चर्चला. “कुमसार करायचाय,” तू म्हणालास. आपलं सगळं केलेलं फादरच्या कानात सांगून मोकळं व्हायचं, तुमच्यात मरायच्या आधी ते करतात. फादरना घरी बोलावलं असतं तर आईला कळलं असतं, म्हणून तू त्या पायांवर पायऱ्या चढलास. मी हिंदू माणूस, बाहेर चिंचेखाली उभा. फार वेळ लागला तुला. बाहेर आलास तो घामानं निथळत होतास, पण चेहरा धुतल्यासारखा. मी विचारलं, एवढं काय केलं होतंस रे? तू म्हणालास, “अर्धा वेळ तुझ्याबद्दलच बोललो. उपवासकाळात राग धरला होता ना.” त्या वेळी मला पहिल्यांदा वाटलं की सांगितलं ते बरं झालं. ही तयारी आम्ही सगळ्यांनी मिळून तुझ्यापासून हिसकावून घेतली असती. त्याबद्दल तू माझे आभार मानले नाहीस, आणि मीही तुझे मानले नाहीत. तू विचारलंस म्हणून मला खरं बोलता आलं.

पण त्यापुढचे दिवस मला बघवले नाहीत. तुला अन्न बघवायचं नाही आणि मावशी पुढ्यात पेज घेऊन बसायच्या, “खा रं, आपरेशनला ताकद पायजे.” आणि तू गिळायचास. मग एक दिवस मी आलो तर घरात टेलरमास्तर. पास्कूचं लग्न जानेवारीत ठरलेलं, तू त्याच्या बाजूला उभा राहणार, म्हणून मावशींनी तुझ्यासाठी सूट शिवायला घेतला होता. मला वाटलं, काय ही वेडी आशा. पास्कू माझ्याकडे बघून बाहेर निघून गेला. तू भिंतीला धरून उठलास. मी तुझं कोपर धरलं होतं, माझ्या हातात तू थरथरत होतास, आणि मास्तर छातीवरून टेप फिरवत होता. तू त्याला म्हणालास, “मास्तर, सैल ठेवा हां. ऑपरेशन झालं की मास चढनार माज्या अंगावर.” मास्तर म्हणाला, “चढनार ना, का नाय चढनार?” मावशी मांडीवर कापड घेऊन बसल्या होत्या, त्याच्या सुरकुत्या हातानं काढत होत्या. तुला खाटेवर निजवून मी बाहेर आलो तेव्हा मला वाटलं, ह्या घरात आता एकही माणूस खरं बोलत नाही.

सूट आला त्या आठवड्यात तू गेलास. सकाळी. फार त्रास झाला नाही असं सगळे एकमेकांना सांगत होते, मी होतो तिथे, झाला. घंटा वाजल्या, माणसं जमली. तुला तो काळा सूट घातला. कोट सैल होता. मावशींनी पेटीवर वाकून कॉलर नीट केली, खांद्याची घडी आत दुमडली. तुमच्या बँडवाल्यांनी चर्चपर्यंत साथ दिली. क्लॅरिनेटची जागा त्यांनी मोकळी ठेवली होती, मधल्या मधल्या ओळी रिकाम्याच जात होत्या. मला वाटलं कुणीतरी रविवारची धून वाजवेल. कुणी वाजवली नाही, त्यांना ती येतच नव्हती. पेटीवर मीही मूठभर माती टाकली. रेताड, ओली.

काल तुझी महिन्याची मिस्सा झाली. पास्कूनं लग्न पुढे ढकललंय. चर्चमधून सगळे घरी आले, चहा झाला, माणसं पांगली. मी निघालो तर मावशी म्हणाल्या, “हरेश, तू बस.” मी पडवीत बसलो. त्या समोर बसल्या. मला वाटलं आता विचारणार की त्याला ठाऊक होतं का, आणि मी मनात उत्तर जुळवायला लागलो, कारण तू शपथ घातली आहेस.

त्यांनी विचारलंच नाही. म्हणाल्या, “मास्तरकडं निळं कापड बी होतं. पास्कूच्या लग्नाला निळा शोबला असता त्याला. गोरा होता ना.” मी हो म्हणालो. त्या म्हणाल्या, “मीच काळं काढाया सांगितलं.”

त्या पुढे म्हणाल्या, “मला कोनी सांगितलं नाय. माझं जुळत असतं तर तुमी मला आस्पताळातून घरी कशाला आनली असती? काळं कापड मी मांडीवर घेऊन बसले नि तो बगत होता. तुमी सगळे गेल्यावर त्यानं कापडाला हात लावला. बोलला, आय, कापड चांगलं हाय. एवडंच बोलला. मी बोलले, हां, टिकनारं हाय. नि मंग मी पेज आनली, नि त्यानं खाल्ली.”

बस्त्याव, तिला तू जपत होतास, ती तुला जपत होती, आणि आम्ही शहाणे तुम्हा दोघांना. तुला हे कळलं होतं का? त्या कापडाला हात लावलास तेव्हा कळलं होतं, असं मला वाटतं. पण मग बोलला का नाहीस रे? मला बोलतं करायला तुला एक कॅसेट पुरली. तिच्यापुढे तेवढं का जमलं नाही?

मी हे त्यांना म्हणालो नाही. पण त्या जणू तेच ऐकून पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, “एकदा तरी गळ्यात पडून रडाया पायजे होतं आमी. वेळ होता.”